काळजी घ्यावी, काळजी करू नये

(पाठासाठी उतारा : मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय ६ वा, ओव्या २५ ते ३४)

आपल्या मराठी भाषेत ‘काळजी’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींकरिता योजिला जातो. आई आपल्या तान्ह्या बाळाची काळजी घेते. आणि तीच आई रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात पडून उद्याची काळजी करते. पहिल्या काळजीने बाळ वाढीस लागते, दुसरीने आई झिजते. काळजी घेणे हे कर्तव्य होय. काळजी करणे हा मनास लागलेला घोर होय. प्रभू येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांस चिंता करू नका असे जे सांगितले, ते यांपैकी कोणत्या काळजीविषयी, हे नीट ध्यानात न आल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. कोणी म्हणतात, हा उपदेश आळशास सोयीचा आहे. कोणी म्हणतात, हा उपदेश उत्तम खरा, परंतु तो पोटभर जेवणाऱ्यांकरिता आहे; ज्याच्या घरात दाणा नाही त्याने तो कसा पाळावा? या दोन्ही आक्षेपांचा विचार प्रस्तुत पाठात करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय आपल्या परिसरास परका नाही. सडक अर्जुनीच्या आसपासचा सारा मुलूख धानाचा. मृग कोरडा गेला, आर्द्रा संपत आली, पऱ्हे पिवळे पडू लागले, आणि बांधीत रोवणीपुरतेही पाणी साचले नाही, म्हणजे घराघरांत जी शांतता पसरते ती येथील प्रत्येक मुलाच्या ओळखीची आहे. वडील बोलत नाहीत, आई भाकरी थापताना वारंवार दाराबाहेर आभाळाकडे पाहते. त्यातच घरातील मुलगा किंवा मुलगी शालान्त परीक्षेस बसलेली असली, तर तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढते. ‘आपल्या घराची आशा तुझ्यावरच आहे’ असे प्रेमानेच म्हटले जाते, पण त्या कोवळ्या मनास ते वाक्य धोंड्यासारखे जड होते. अशा घरांत वाचावयाचा हा पाठ आहे. निश्चिंत लोकांच्या दिवाणखान्यात नव्हे.

१. प्रभूच्या उपदेशाचा रोख

हा उतारा वाचताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही की, त्याचा आरंभ ‘म्हणून’ या अर्थाच्या शब्दांनी होतो. म्हणजे मागील बोलण्याशी त्याचा सांधा आहे. मागे प्रभूने सांगितले आहे की, कोणासही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. देवाची आणि धनाची सेवा एकाच वेळी होणे नाही. त्यावरून पुढे चिंतेचा विषय निघतो. यावरून उघड होते की, चिंता ही केवळ मनाची दुर्बलता नसून आपण कोणाच्या आश्रयाने उभे आहोत या प्रश्नाशी तिचा संबंध आहे. मूळ ग्रीक भाषेत चिंता करणे या अर्थी जे क्रियापद आले आहे, त्याचे नाते ‘वाटणी करणे’ या अर्थाच्या शब्दाशी आहे, असे अनेक भाष्यकार सांगतात. ही व्युत्पत्ती राहो बाजूस; अनुभव मात्र तसाच आहे. चिंताग्रस्त मनुष्याच्या मनाचे तुकडे होतात. पुस्तक समोर असते, डोळे ओळींवरून फिरतात, आणि मन निकालाच्या दिवशी जाऊन बसलेले असते. आजचे काम अर्ध्या मनाने होते, आणि उद्याचे तर हाती आलेलेच नसते.

चिंता करू नका ही आज्ञा या दहा ओव्यांत तीन वेळा आली आहे, आणि तिच्यासोबत कारणेही दिली आहेत. ज्याने जीव व शरीर ही मोठी देणगी दिली, तो अन्नवस्त्र ही लहान देणगी देण्यास विसरेल काय, हे पहिले कारण. चिंतेने कोणाचेही आयुष्य तसूभर वाढत नाही, म्हणून ती निष्फळ आहे, हे दुसरे. आणि तिसरे, जे सर्वांत मोठे, ते असे की, आपणांस कशाची गरज आहे हे आपल्या स्वर्गीय पित्यास ठाऊक आहे. येथे प्रभू नियती, दैव किंवा सृष्टीचा नियम असे शब्द वापरत नाही. तो ‘पिता’ म्हणतो. लेकरू बापाचे बोट धरून जंगलातून चालले असता त्यास वाटेची माहिती नसते, पण बापाची असते. भरवसा म्हणजे वाटेचे ज्ञान नव्हे. वाट ज्यास ठाऊक आहे त्याची ओळख होय.

याच डोंगरावरील प्रवचनाने आपल्या एका थोर मराठी कवीच्या आयुष्यास वळण दिले, आणि ती घटना आपल्या भागातून जाणाऱ्या लोहमार्गावर घडली. नारायण वामन टिळक हे १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास चालले असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचा संवाद झाला, आणि त्या प्रवाशाने त्यांस नवा करार भेट दिला. नागपूर व राजनांदगाव यांमधील तो मार्ग गोंदियावरून जातो. ते पुस्तक वाचीत असता डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर टिळकांस ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याचे मोल त्यांस भारी पडले. आप्त दुरावले, आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीही काही वर्षांची ताटातूट झाली. ही हकिकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या ग्रंथात सांगितली आहे. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चिंता करू नका हा उपदेश ज्यांनी सुखाच्या दिवसांत केवळ पाठ केला, त्यांपैकी टिळक नव्हते. सर्वस्व पणास लावल्यावर तो खरा ठरतो की नाही, हे त्यांस पाहावे लागले.

२. आकाशातील पाखरे

प्रभूने शिष्यांस आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले. ती पेरीत नाहीत, कापीत नाहीत, कोठारात साठवीत नाहीत, तरी पिता त्यांस पोसतो. आपण या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी ही आज्ञा अक्षरशः पाळावी, कारण जो पक्षी महाराष्ट्रात आता अन्यत्र जवळजवळ दिसेनासा झाला आहे, तो सारस गोंदिया जिल्ह्याच्या व त्याच्या शेजारच्या धानपट्ट्यात अजून थोड्या संख्येने टिकून आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत तो सर्वांत उंच. त्याची जोडी पावसाळ्यात तलावाच्या उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीतच गवत व लव्हाळे रचून घरटे करते. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी पाळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. एक बसला असता दुसरा पहारा करितो. कुत्रे किंवा कावळे जवळ आले तर हा शांत दिसणारा पक्षी पंख पसरून अंगावर धावून जातो.

आता विचार करा. सारस आळशी आहे काय? दिवसभर तो चिखलात चोच खुपसून कंद, दाणे, किडे शोधीत हिंडतो. अन्न त्याच्या चोचीत आकाशातून पडत नाही. पित्याने त्यास पोसले म्हणजे त्यास पाय दिले, चोच दिली, तलाव दिला, आणि श्रम करण्याची प्रेरणा दिली. घरट्याभोवती पाणी चढू लागले तर ते गवत आणून घरटे उंच करितात. मात्र पुढच्या वर्षी पाऊस पडेल की नाही या विचाराने ते आजचा पहारा सोडीत नाहीत. म्हणजे सारस काळजी घेतो, काळजी करीत नाही. जो भेद आमच्या भाषेत एका क्रियापदाने दाखविला जातो, तो हा पक्षी आपल्या डोळ्यांदेखत आचरून दाखवितो.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सारस आपल्या जिल्ह्यात टिकला तो एकट्याच्या बळावर नाही. ज्या शेतकऱ्यांच्या बांधीत त्याने घरटे केले, त्यांपैकी कित्येकांनी थोड्या धानाची नासाडी सोसून ते राखले. पित्याने पाखरांस पोसले, ते या शेतकऱ्यांच्या हातून. हा मुद्दा पुढे पुन्हा कामास येईल.

३. बांध आणि पाऊस

जुन्या भंडारा जिल्ह्यास, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निराळा झाला, तलावांचा जिल्हा म्हणत. हे तलाव बहुतांशी आपल्या पूर्वजांनी हातांनी बांधले. त्यांत कोहळी समाजाचे कसब विशेष नावाजले गेले. जवळचाच नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. डोंगरांच्या मधल्या खिंडी पाहावयाच्या, पाण्याचा उतार ओळखावयाचा, आणि नेमकी जागा हेरून मातीची पाळ घालावयाची, अशी ही विद्या. मालगुजारांच्या ताब्यातील तलाव १९५१ साली मालगुजारी नाहीशी झाल्यावर शासनाकडे आले, आणि आजही लोक त्यांस ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखतात. ज्या वर्षी पाऊस मधेच दडी मारतो, त्या वर्षी याच तलावांचे पाणी धानास जीवदान देते.

आम्हांस वाटते की, श्रद्धा व श्रम यांचा संबंध समजावून देण्यास याहून चांगला दृष्टान्त आपल्या मुलुखात मिळणार नाही. ज्याने पाळ घातली त्याने पाऊस पाडला नाही. एक थेंबही त्याच्या हातचा नव्हता. परंतु पाऊस देवाच्या हाती आहे म्हणून तो हात बांधून बसलाही नाही. उन्हाळ्याच्या कडक उन्हात, तळे कोरडे असताना, त्याने मातीच्या टोपल्या वाहिल्या. कोरड्या जमिनीवर पाळ घालणारा मनुष्य एका अर्थी न पडलेल्या पावसावर विश्वास ठेवीत असतो. पाऊस येणारच नाही अशी ज्याची खात्री आहे तो पाळ कशास घालील? आणि पाऊस आपोआप साठेल अशी ज्याची समजूत आहे तोही घालणार नाही. पाळ घालणे हे आपले काम. पाऊस ही देवाची देणगी. चिंता या दोहोंपैकी काहीच करीत नाही. तिने पाळीवर मातीची एक टोपली पडत नाही, आणि आभाळातून एक थेंबही उतरत नाही.

विद्यार्थ्यांनी हा दृष्टान्त आपल्या अभ्यासास लावून पाहावा. नियमित वाचन, लेखन, उजळणी ही तुमची पाळ. परीक्षेत कोणता प्रश्न येईल, किती गुण पडतील, पुढे कोठे प्रवेश मिळेल, हा पाऊस. पाळ घालण्याचा वेळ पावसाच्या विवंचनेत दवडणाऱ्याचे दोन्हीकडून नुकसान होते.

४. एक कठीण प्रश्न

येथवर सांगितलेले पटण्यास सोपे आहे. परंतु प्रामाणिक वाचक विचारील की, पाळही घातली, प्रार्थनाही केली, आणि तरी पाऊस आला नाही तर? पाखरेही दुष्काळात मरतात. देवावर भरवसा ठेवणारी माणसेही उपाशी मेली आहेत. या प्रश्नास बगल देऊन केलेला उपदेश आम्ही उपदेश मानीत नाही.

आमच्या संतांनी हा प्रश्न पुस्तकात वाचला नव्हता. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात तुकोबारायांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेली. आपल्या या भागाने १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ थोड्या वर्षांच्या अंतराने सोसले. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्यप्रांतात होता, आणि त्या प्रांतात अन्नान्न करीत असंख्य माणसे मेली. त्यांपैकी कोणी प्रार्थना केली नसेल काय?

पवित्र शास्त्रही असे आश्वासन देत नाही की, विश्वास ठेवणाऱ्यावर संकट येणारच नाही. उलट ज्या प्रभूने चिंता करू नका असे सांगितले, तोच गेथशेमाने बागेत अतिशय व्याकूळ झाला, त्याने दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती केली, आणि तो प्याला टळला नाही. तरी त्याने पित्याचा हात सोडला नाही. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली, मन व्याकूळ होणे हे पाप नव्हे. जे अश्रू स्वतः प्रभूने गाळले ते आपण लपविण्याचे कारण नाही. दुसरी, भरवसा म्हणजे संकट टळेल ही खात्री नसून संकटातही पिता आपणांस टाकणार नाही ही खात्री होय. हा भेद ज्यास कळला नाही, त्याची श्रद्धा पहिल्याच अवर्षणात करपून जाते.

५. पंडिता रमाबाई : एक जिवंत उदाहरण

या कठीण प्रश्नातून ज्यांनी आपल्या पायांनी वाट काढली, अशा महाराष्ट्रीय व्यक्तींत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व उदार मनाचे गृहस्थ. त्यांनी लोकमताची पर्वा न करिता पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत फिरे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला असता त्यांच्याजवळचे सारे संपले. वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोघेच उरली, आणि पायी वणवण करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेविले आहे. त्यांत त्यांनी हेही सांगितले आहे की, आपणांस पोट भरण्याचे कोणतेही व्यावहारिक शिक्षण मिळाले नव्हते, आणि अंगमेहनतीचे काम करणे किंवा हात पसरणे कुलीनपणास कमीपणाचे वाटे.

म्हणजे जिने पुढे देवावरील भरवशाचा एवढा मोठा डोलारा उभा केला, ती उपासमार काय असते हे पाहून आलेली होती. १८८० साली बंधू गेले, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले, आणि कडेवर मनोरमा ही लहान मुलगी राहिली. १८८३ साली रमाबाई इंग्लंडास गेल्या; तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. अमेरिकेतील मित्रांनी विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेण्यात आले.

१८९६ साली मध्यप्रांतातील दुष्काळाच्या वार्ता पुण्यास येऊ लागल्या. रमाबाईंची स्थिती पाहा. अमेरिकन मित्रांच्या वचनाची मुदत संपत आली होती. सदनात होत्या तेवढ्याच मुलींचा खर्च पुढे कसा चालेल याची निश्चिती नव्हती. व्यवहारी मनुष्याने म्हटले असते की, ही वेळ हात आखडण्याची आहे. रमाबाईंनी तसे केले नाही. त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या, दुष्काळाच्या छावण्या पाहिल्या, अनाथ व विधवा मुलींची तेथे कशी दुर्दशा होते ते पाहिले, आणि सुमारे तीनशे मुली सोबत आणल्या. इतक्यात पुण्यात प्लेग सुरू झाला. शहरात इतक्या मुली ठेवण्यास बंदी झाली, तेव्हा पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर केडगाव येथे सदनाच्या उत्पन्नाकरिता घेतलेल्या उघड्या जमिनीवर त्यांनी मुलींस नेले. तेथेच १८९८ साली ‘मुक्ती’ या संस्थेची स्थापना झाली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील लोकवस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाई या काळात प्रार्थनेवर किती विसंबून होत्या हे त्यांच्या लेखनावरून दिसते. ब्रिस्टल येथे केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुलांस सांभाळणारे जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचून, आपल्या देशातही असे का होऊ नये, असा प्रश्न त्यांस पडला होता. परंतु त्यांचा भरवसा हात जोडून स्वस्थ बसणारा नव्हता. केडगावास त्यांनी विहिरी खणविल्या, फळझाडे लाविली, धान्य व भाजीपाला पिकविला. मुलींस विणकाम, शिवणकाम, तेल गाळणे, स्वयंपाक, शुश्रूषा, मुद्रण अशी नाना कामे शिकविली. आपल्या आईबापांच्या घरात ज्या गोष्टीची उणीव होती, ती त्यांनी या मुलींच्या बाबतीत राहू दिली नाही. सकाळी प्रार्थना आणि दिवसभर श्रम, या दोन्हींची तेथे फारकत नव्हती.

आता वरील कठीण प्रश्नाकडे वळू. त्या तीनशे मुलींच्या हाकेस देवाने उत्तर दिले की नाही? दिले, पण ते एका बाईच्या पावलांनी चालत आले. जिचे स्वतःचे आईबाप अन्नावाचून गेले होते, तिलाच त्या मुलींची भूक कळली. दुष्काळात सर्वच वाचले नाहीत, आणि का वाचले नाहीत याचे उत्तर आमच्याजवळ नाही. परंतु एवढे खरे की, पिता लेकरांस पोसतो तो बहुधा दुसऱ्या लेकरांच्या हातांनी. म्हणून ‘देवावर भरवसा ठेव’ असे भुकेल्यास सांगणाऱ्याने आधी आपला हात पुढे केला पाहिजे. नाहीतर ते शब्द पोकळ होत. आपल्या गावाच्या नावातच सडक आहे, आणि २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत याच राजमार्गाने कष्टकरी माणसे डोक्यावर बोचकी घेऊन शेकडो मैल पायी चालत गेली. वाटेवरील गावांतून ज्यांनी त्यांस पाणी व भाकरी दिली, त्यांनी मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा अर्थ कोणत्याही भाष्यकारापेक्षा चांगला सांगितला.

रमाबाईंची शेवटली वर्षेही सोपी नव्हती. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. स्वतःचे शरीर थकले होते. अशाही स्थितीत मूळ इब्री व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे आपले काम त्यांनी चालू ठेविले, आणि ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्या बाईने आयुष्यात इतक्या माणसांस पोचविले, तिने रोजचे काम रोज कसे केले असेल? आम्हांस वाटते, उद्याचे ओझे तिने आजच्या ओझ्यावर कधी रचले नाही.

६. आचरणासाठी काही सूचना

पाठ केवळ वाचून उपयोग नाही. म्हणून विद्यार्थ्यांकरिता काही व्यावहारिक सूचना देतो.

पहिली : भीती जी असेल ती तिच्या नावाने देवापुढे मांडावी. ‘मला बरे वाटत नाही’ असे मोघम न म्हणता, ‘मला गणिताची भीती वाटते’, ‘बाबांचे कर्ज फिटेल की नाही याची भीती वाटते’, असे स्पष्ट म्हणावे. पौल प्रेषिताने फिलिप्पैकरांस चिंतेऐवजी प्रार्थना व आभारप्रदर्शन करावे असे लिहिले, तेव्हा तो बंदिवासात होता. मागण्याबरोबर आभार मानण्याची त्याची सूचना फार मोलाची आहे. मिळालेल्या गोष्टी मोजणाऱ्याच्या मनाला न मिळालेल्या गोष्टींचा वेढा पडत नाही.

दुसरी : आजचे काम आज करावे. इस्राएल लोकांस रानात मान्ना मिळे तो दिवसापुरता. हावेने उद्याकरिता ठेविलेल्या मान्न्यात किडे पडत. मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती. म्हणजे सांगितलेली तरतूद करणे वेगळे आणि भीतीने साठविणे वेगळे. अभ्यासाचे वेळापत्रक आखावे, आणि आजच्या रकान्यातील काम झाल्यावर वही मिटावी.

तिसरी : देहाची हेळसांड करू नये. एलिया संदेष्टा जिवास कंटाळून झुडपाखाली निजला, तेव्हा देवाच्या दूताने त्यास प्रथम उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवावी. पुष्कळ वेळा जी निराशा वाटते ती थकव्याची असते.

चौथी : ओझे एकट्याने वाहू नये. गेथशेमाने बागेत प्रभूनेही तीन शिष्यांस जवळ बोलाविले. झोप उडाली, जेवण जाईना, किंवा जगण्याचाच कंटाळा येऊ लागला, तर आईवडील, शिक्षक किंवा डॉक्टर यांस त्वरित सांगावे. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अशाच वेळेकरिता आहे. ताप आला असता औषध घेणाऱ्याचा देवावरील विश्वास कमी होत नाही. मनाच्या आजाराचेही तसेच.

पाचवी : दुसऱ्याचे ओझे उचलावे. शेजारच्या बाकावरील मुलास जे गणित येत नाही ते त्यास समजावून द्यावे. आपली भीती कमी करण्याचा याहून जवळचा मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

पालकांसही एक विनंती आहे. मुलांवर आशा ठेवावी, पण घराचे सारे भवितव्य त्यांच्या गुणपत्रिकेस बांधू नये. पित्याने लेकरावर प्रेम गुण पाहून केलेले नाही. आपणही करू नये.

विद्यार्थिमित्रहो, हे वार्षिक तुमच्या हाती पडेल तेव्हा कोणाच्या घरी धान भरलेले असेल, कोणाच्या घरी नसेल. कोणी परीक्षेत वर आला असेल, कोणी मागे राहिला असेल. दोघांसही आमचे सांगणे एकच. प्रथम देवाचे राज्य व त्याचे न्यायीपण शोधा. आपल्या वाट्याची पाळ नेटाने घाला. शेजाऱ्याची पाळ फुटत असेल तर टोपली घेऊन धावून जा. आणि रात्री दिवा मालविताना, जो कधी झोपत नाही त्याच्या हाती उद्याचा दिवस सोपवून शांत झोपी जा. तो प्रेमळ पिता तुम्हां सर्वांस ही शांती देवो.

मननासाठी प्रश्न

१. ‘काळजी घेणे’ आणि ‘काळजी करणे’ यांतील भेद आपल्या घरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. मत्तय ६ : २५–३४ या उताऱ्यात चिंता न करण्याची कोणकोणती कारणे सांगितली आहेत?

३. तलावाची पाळ व पाऊस या दृष्टान्तात मनुष्याचे काम कोणते व देवाचे कोणते?

४. मान्न्याच्या कथेवरून तरतूद व हाव यांतील फरक सांगा.

५. पंडिता रमाबाईंचा भरवसा निष्क्रिय नव्हता, हे त्यांच्या कोणत्या कामांवरून दिसते?

६. या आठवड्यात आपण कोणाचे ओझे हलके करू शकाल? विचार करा, आणि तसे करा.